चीफची आठ मेडल्स आणि वहिनींचे मटार

दिल्लीतल्या घरात दिवाण असतो आणि दिवाणाच्या पोटात रजया असतात. एक रजई हवी म्हणून फळी उचलावी, तर नको असलेल्या तीन बाहेर येतात आणि हवी ती तळाशी सापडते. किश्श्यांचंही तसंच असतं. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत मराठी घरं अकरा, आणि त्यातल्या एका घरातल्या माणसाच्या छातीवर मेडल्स आठ! थंडीत गच्चीवर ऊन खात बसलं की कुणीतरी एका मेडलचा विषय काढतं, आणि चहा येईपर्यंत बाकीची सातही निघतात.

माणसाचं नाव महादेव शिंगटे. नौदलातून चीफ पेटी ऑफिसर म्हणून रिटायर झाले, तेव्हापासून सगळे त्यांना चीफच म्हणतात. मी त्यांना सोसायटीच्या आधीपासून ओळखते. नौदलानंतर ते माझं ऑफिस होतं त्या सरकारी भवनात केअरटेकर म्हणून आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या अंडर सेक्रेटरींना तोंडात पान असताना जिन्यात अडवलं होतं. "साहब, पहले ये नीचे, फिर आप ऊपर." साहेब मुकाट्याने खाली जाऊन चूळ भरून आले. त्यानंतर आमच्या जिन्याचे कोपरे पांढरे राहिले.

दर सव्वीस जानेवारीला चीफ निळा ब्लेझर चढवतात, आठही मेडल्स लावतात आणि सोसायटीच्या झेंड्याखाली ताठ उभे राहतात. झाडून सगळे येतात. येत नाहीत फक्त शालनवहिनी, म्हणजे चीफच्या पत्नी. त्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत टोपली घेऊन मटार सोलत बसतात. राष्ट्रगीताला उभ्या राहतात, टोपलीसकट, आणि संपलं की पुन्हा बसतात. राष्ट्रगीत संपताच चीफची नजर आधी त्या बाल्कनीकडे जाते, हे मी इतकी वर्षं बघत आलेय. पेन्शन होती, घर होतं, मुलगी नागपूरला सुखात होती. या माणसाला आता एकच गोष्ट हवी होती. वहिनींनी एकदा खाली यावं.

*

चीफ माण तालुक्यातले. तिकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो, तोही उभ्या उभ्या. अशा गावातला पोरगा नौदलात गेला कसा, हे सगळ्यांनाच विचारावंसं वाटतं.

"सातारला भरती होती," चीफ सांगतात. "मैदानात दोन रांगा. लष्कराची रांग उन्हात, ही मोठी. दुसरी लिंबाच्या झाडाखाली, सावलीत. मी सावलीत उभा राहिलो. नंबर आला तेव्हा कळलं, नेव्ही आहे."

समोरच्या अधिकाऱ्याने विचारलं, "तैरना आता है?"

चीफ म्हणाले, "साहब, पहले पानी तो दिखाओ."

घेतलं त्यांना. पुढे पोहायलाही शिकवलं. पण खरं शिकवलं ते स्वयंपाकाचं. चीफ जहाजावर कुक होते. आमच्या सोसायटीत हे कळलं तेव्हा काही लोकांचा चेहरा पडला होता. मेडलवाला माणूस तोफेमागे असावा अशी आपली समजूत असते.

"तोफ दिवसातून एकदा तरी चालायची का?" चीफ विचारतात. "माझी शेगडी चार वेळा चालायची."

*

पंचवीस वर्षं दीडदोनशे ते तीनशे माणसांचा स्वयंपाक करणारा हा माणूस घरी मात्र साधा चहाही करत नाही. वहिनी एकदा तापाने पडल्या. मी डबा घेऊन गेले, तर चीफ ओट्यासमोर हतबल उभे. पातेल्यात मुगाची डाळ भिजत होती. भलं मोठं पातेलं होतं, आणि शेजारी दुसरं तसंच.

"दोघांची किती घालायची असते?" त्यांनी मला विचारलं. "आमच्या हिशोबात दोन हा आकडाच नव्हता."

तरीही गणपतीत सुपेकरांनी त्यांना प्रसादाच्या शिऱ्याची गळ घातली. सुपेकर म्हणजे आमचे सोसायटीचे सांस्कृतिक सचिव. हौशी माणूस, आणि नियमाला पक्का. "चीफ, अकरा घरं, साधारण पन्नास माणसं," असं त्यांनी दोनदा बजावलं. चीफनी मान डोलावली आणि हाताला सवय होती तसं केलं.

आरतीनंतर आम्ही शिरा खाल्ला. रात्री जेवायला शिरा. दुसऱ्या दिवशी सकाळी शिरा. मग तो गुरुद्वाऱ्यात गेला, शेजारच्या सोसायटीच्या गार्डांना गेला, मेट्रोच्या पुलाखाली काम करणाऱ्या मजुरांना गेला. चौथ्या दिवशी आमच्या घरी नोएडाचे पाहुणे आले, त्यांनाही गेला. "बहुत बढ़िया है, घर का है?" त्यांनी विचारलं. माझा मुलगा म्हणाला, "जहाज का है."

*

आता लढाईचं मेडल. एकाहत्तरची लढाई, पश्चिमेचा समुद्र. हा किस्सा चीफ सांगायला लागले की सुपेकर खुर्ची पुढे ओढून घेतात, दर वेळी, आणि दर वेळी निराश होतात.

जहाज वेगाने चाललेलं. वर सगळे आपापल्या जागी तैनात. खाली चीफ, तेव्हा नुसते महादेव, डाळीचं भगोणं शेगडीला दोरीने बांधून उभे. लढाई असली तरी माणसं जेवणारच होती. एवढ्यात जहाजाने असं झोकदार वळण घेतलं की दोरी तुटली आणि सगळी डाळ भटारखान्याच्या जमिनीवर! महादेवांच्या पायावर फोड आले. इतक्यात वरून विचारणा झाली, प्रत्येक विभागाने नुकसान कळवा. एकेक विभाग कळवत गेला. सगळीकडून एकच उत्तर, नुकसान नाही.

भटारखान्याची पाळी आली. महादेव सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "दाल, सर. पूरी."

हा झाला चीफचा भाग. उरलेला भाग वहिनींकडून ऐकावा लागतो, आणि तो चीफ समोर नसतानाच.

लग्नाला आठ महिने झाले होते. वहिनी गावाला सासूपाशी. सरपंचांकडे रेडिओ होता, त्यावर लढाईच्या बातम्या. नवऱ्याचा काही पत्ता नाही. तीन आठवड्यांनी एक पोस्टकार्ड आलं. जहाज कुठे आहे, काय झालं, यातलं अक्षरही लिहायला मनाई. मग जे गुप्त नव्हतं तेवढंच चीफनी लिहिलं. 'येथे सर्व कुशल. डाळ सांडली. आईस नमस्कार.'

पोस्टकार्ड अख्ख्या चावडीवर वाचलं गेलं. सरपंच बराच वेळ विचार करून म्हणाले, "कोणी डाळ सांडल्याचं पत्र लिहितं व्हय? ही खूण हाय. जहाजाला काहीतरी झालंय." सासूबाईंनी हंबरडा फोडला. वहिनी चार दिवस जेवल्या नाहीत. पाचव्या दिवशी दुसरं पोस्टकार्ड आलं. 'डाळीबद्दल काळजी नसावी. नवीन केली.'

"त्या लढाईचं मेडल ह्यान्ला मिळालं," वहिनी सांगतात. "चार दिस उपाशी मी व्हते."

*

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली, त्याचंही एक मेडल आहे. त्या दिवशी जे जे नोकरीत होते त्या सगळ्यांना मिळालेलं. सुपेकरांना एका वर्षी झेंड्याखाली माइकवर चीफचा परिचय करून द्यायचा होता. त्यांनी वही काढली. "चीफ, हे तिसरं कशाबद्दल? पराक्रम काय होता?"

"त्या दिवशी नोकरीत होतो."

"म्हणजे समुद्रावर?"

"नाही. रजेवर. गावाला. म्हैस व्यायली त्या दिवशी."

सुपेकरांनी वहीत 'राष्ट्राच्या रौप्यमहोत्सवी क्षणाचे साक्षीदार' असं लिहिलं. चीफ आम्हाला नंतर म्हणाले, साक्षीदार म्हैस होती, मी फक्त शेपूट धरलं होतं.

आणि सद्वर्तनाचं मेडल? पंधरा वर्षं एकही तक्रार नाही, म्हणून मिळालेलं. त्याचा किस्सा एका वाक्याचा आहे, आणि वाक्य वहिनींचं. बाल्कनीतून, मटार सोलता सोलता, "घरी ऱ्हायले असते तर मिळालं नसतं."

*

परदेशातल्या सेवेचं मेडल चांगलं झळझळीत आहे. चीफ एका बेटावरच्या देशात तिथल्या कुकना शिकवायला गेले होते. तिथली माणसं फार गोड, मासे फार ताजे, असं बरंच सांगतात. एवढं सांगून झालं की थांबतात. पुढचं मी त्यांच्या मुलीकडून ऐकलं, ती सुट्टीत आली होती तेव्हा.

ती तेव्हा तीन वर्षांची होती. गावाला पोस्टमन आला की आजी ओरडायची, "आलं गं, तुझ्या बाबांचं आलं!" मग पोस्टमन पत्र द्यायचा आणि तिला खिशातली लिमलेटची गोळी. चीफ परत आले ते सूटकेस आणि तिच्याएवढी बाहुली घेऊन. दारात उभे राहिले, हात पसरले.

तिने नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "बाबांचं पत्र कुठंय?"

चीफनी बाहुली पुढे केली. तिने ती घेतली, आणि गोळीसाठी दुसरा हात पुढे केला.

हा किस्सा ऐकून आम्ही सगळे हसलो, मीही हसले. चीफ गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि कुणाच्या तरी वाळत घातलेल्या मेथीवरच्या माश्या हाकलत बसले.

*

मेडल्स लावण्याचा एक कायदा आहे, तो आम्हाला सुपेकरांमुळे कळला. सुपेकरांचे वडील लष्करात हवालदार होते. ते गेल्यानंतरच्या सव्वीस जानेवारीला सुपेकर वडिलांची मेडल्स लावून आले, कोटाच्या डाव्या बाजूला, अगदी चीफसारखी.

चीफ रांग सोडून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "कुठल्या लढाईत होता?"

"मी? छे, मी नव्हतो. वडील होते."

"मग उजवीकडे. डावीकडे स्वतः कमावलेलं. घरच्या माणसाचं असेल तर उजवीकडे." असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने मेडल्स काढून सुपेकरांच्या उजव्या छातीवर लावली आणि एक पाऊल मागे येऊन त्या मेडल्सना सॅल्यूट केला. सुपेकरांना नाही, मेडल्सना. सुपेकरांचे डोळे भरून आले.

पण तेव्हापासून या नियमाचे सोसायटीतले सगळ्यात कडक राखणदार सुपेकरच झाले. कुणाच्या छातीवर काही चमकलं की ते धावतात. एका बंगाली गृहस्थांनी मॅरेथॉनचं मेडल गळ्यात घातलं होतं, त्यांनाही यांनी विचारलं होतं, "खुद दौड़े थे?"

*

त्याच सुपेकरांनी मागच्या दिवाळीनंतर वहिनींना गाठलं. येत्या सव्वीस जानेवारीला आपण खाली यायचंच, दोन शब्द बोलायचे, 'सैनिकाची सहचारिणी' असा विषय मी ठरवलाय, वगैरे. मी तिथेच होते. चीफही होते, पेपर वाचत असल्याचं दाखवत होते.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग चीफकडे वळून म्हणाल्या, "आठ हायेत न्हवं? यातल्या कोणत्या मेडलात मी हाय, तेवढं दाखवा. येते खाली."

ज्या माणसाकडे प्रत्येक मेडलमागे एक गोष्ट होती, त्या माणसाने पेपर खाली ठेवला, वर घेतला, पुन्हा खाली ठेवला. सुपेकर म्हणाले, "वहिनी, अहो, सगळ्यातच तुम्ही..." वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्यांनी चहाबरोबर गिळलं.

त्यानंतर चीफ दोन आठवडे गच्चीवर आले नाहीत.

*

डिसेंबरात एका सकाळी माझी बेल वाजली. चीफ, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मेडल्स त्यात असतात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली.

"कानिटकर मॅडम, कँटोन्मेंटला सोडाल का?"

माझी जुनी मारुती आहे आणि मला रस्ते पाठ नाहीत. "तुम्ही रस्ता सांगा," मी म्हटलं. चीफना हे फार आवडलं. पंचवीस वर्षं जहाजावर असून त्यांना दिशा कुणी विचारली नव्हती. "थोडं डावीकडे. वेग कायम. आता सरळ धरा." मी धरलं. यमुना ओलांडली, पुढे बरीच वळणं झाली, आणि माकडं दिसायला लागली तेव्हा मला शंका आली. समोर चढ, झाडी, आणि पाटी हिंदूराव हॉस्पिटलची!

कँटोन्मेंट राहिलं दक्षिणेला. आम्ही उत्तरेच्या टेकडीवर, हॉस्पिटलच्या फाटकाशी.

चीफनी शांतपणे आजूबाजूला पाहिलं. "काही हरकत नाही. हिंदूराव आपलाच मराठा सरदार होता," ते म्हणाले. "आणि उत्तर कुठे आहे, ते तर पक्कं झालं."

तासाभराने कँटोन्मेंटच्या बाजारात पोहोचलो. तिथे एक म्हातारे मास्टरजी आहेत, युनिफॉर्म शिवतात आणि मेडल्स बसवतात. ही मेडल्स एका ओळीत, एकावर एक किंचित चढवून, मागे कापड घालून सलग शिवलेली असतात. चीफनी डबा उघडला आणि पाचव्या मेडलवर बोट ठेवलं. वीस वर्षांच्या दीर्घ सेवेचं.

"ये निकाल दो."

मास्टरजी चमकले. "साहब, बीच से निकालेंगे तो पूरा दोबारा सिलना पड़ेगा."

"सिल दो. सात का बना दो. और इसको अलग पिन लगाओ."

"ये किसका है?"

"सीनियर का."

"साहब का कोट किस कपड़े का है? पिन उसी हिसाब से लगेगी."

चीफ घुटमळले. माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. "कोट नहीं है," ते म्हणाले. "शाल है. हरी वाली. ऊनी."

मास्टरजींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. जाड पिन बाजूला ठेवली, बारीक काढली, आणि लोकर ओढली जाऊ नये म्हणून मागे मखमलीचा तुकडा लावला. मी तेवढा वेळ रस्त्यावरची गर्दी बघत बसले.

परतताना रस्ता मीच शोधला. यमुनेच्या पुलावर चीफ म्हणाले, "घेतील का हो त्या?"

मी गिअर बदलला.

*

चीफनी ते मेडल जेवणाच्या टेबलावर ठेवलं, असं मला नंतर कळलं. तीन दिवस ते तिथेच होतं. वहिनी टेबल पुसताना ते उचलायच्या, खालचं पुसायच्या आणि परत ठेवायच्या. चौथ्या दिवशी ते टेबलावर नव्हतं. कुठे गेलं, हे विचारायची चीफची छाती झाली नाही. लढाईत डाळीचा रिपोर्ट देणारा माणूस हा!

सव्वीस जानेवारीला धुकं होतं. चीफ खाली आले, निळा ब्लेझर, सात मेडल्स. सुपेकर माइकवर होते. "आणि आपल्या सर्वांचे लाडके चीफ, ज्यांच्या छातीवर आठ..." त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. माइक चालूच होता. "चीफ, एक कमी आहे."

"रजेवर आहे," चीफ म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं. राष्ट्रगीताच्या आधी, पहिल्यांदाच. बाल्कनीच्या कठड्यावर मटारची टोपली होती. खुर्ची रिकामी होती.

लिफ्टचं दार उघडलं. वहिनी आल्या. हिरवी शाल, नीट चापूनचोपून घेतलेली, आणि शालीवर डाव्या बाजूला ते एक मेडल, सरळ रेषेत. चीफ सावधान उभे राहिले, दोन्ही हात पँटच्या शिवणीला.

पण सुपेकर तर सुपेकरच. माइक तसाच हातात धरून ते धावले. सगळ्या सोसायटीला ऐकू गेलं. "वहिनी, वहिनी! उजवीकडे! डावीकडे फक्त स्वतः कमावलेलं लावतात."

वहिनी थांबल्या. शाल ठीक केली. मेडलला हात लावला नाही.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "चला, झेंडा फडकवा. मटार व्हायचेत अजून."